गिटिन्सच्या अंगणातली सहाशे पावलं

कुणी आपल्यासाठी फाटक उघडून धरलंय आणि आपण ‘थँक्यू’ न म्हणता सायकल पुढं दामटली, असं डेस्मंड बेडोजच्या हातून एकाहत्तर वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी ते घडलं. पाऊस भुरभुरत होता. रोवेना गिटिन्स कोटाची टोपी डोक्यावर ओढून आपल्या अंगणाचं फाटक धरून उभी होती आणि तिच्या नाकासमोरून नऊ सायकली गेल्या. नऊच्या नऊ जण हँडलकडे बघत गेले. शेवटचा डेस्मंड. शब्द अगदी ओठांवर आला होता, तो त्यानं गिळला.

“घरी गेल्या गेल्या मी आंघोळ करणार,” त्याची बायको नोरीन म्हणाली. “अंगाला काहीतरी घाण लागल्यासारखं वाटतंय.”

“चिखल आहे तो,” ऑस्टिन प्रॉसर पुढून म्हणाला.

“चिखल मला कळतो, ऑस्टिन!”

आता ही माणसं काही उद्धट नव्हती हो. इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या डोंगरांतली साधी, सरळ माणसं. रस्त्यात मेंढी आडवी आली तरी तिला ‘सॉरी’ म्हणणारी. पण गेले सहा महिने त्यांनी रोवेना गिटिन्सशी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ठरवणारा होता हाच ऑस्टिन. जिल्हा कचेरीत तीस वर्षं फायली हलवून निवृत्त झालेला माणूस. कायद्याचं कलम निघालं की त्याचे डोळे असे चमकायचे, की समोरच्यानं आपलं म्हणणं गुंडाळून खिशात घालावं.

भानगड होती सहाशे पावलांची. डोंगरावरून एक घोडवाट उतरते. घोडवाट म्हणजे जिच्यावर घोडा चालतो, सायकल चालते, पायी माणूस तर चालतोच. ती गिटिन्सच्या कुंपणापर्यंत नीट येते. पलीकडच्या रानातून दुसरी घोडवाट येते, तीही ओढ्यापर्यंत व्यवस्थित येते. मधली सहाशे पावलं, गिटिन्सच्या अंगणातून, कोठारामागून, ओढ्याच्या उतारापर्यंत, सरकारी नकाशावर नाहीतच. सत्तर वर्षांपूर्वी दोन गावांच्या दोन कारकुनांनी आपापल्या हद्दीपर्यंत हिरव्या रेघा ओढल्या, आणि मधलं दुसऱ्यानं ओढलं असेल असं दोघांनाही वाटलं. झालं! दोघेही घरी जाऊन चहा प्यायले असणार.

डेस्मंडचं गावात लोखंडी सामानाचं दुकान होतं. गुरुवारी दुपारी गावातली सगळी दुकानं बंद असत, तसं त्याचंही असे. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी तो नोरीनला घेऊन डोंगरात सायकल घालायला लागला. मग एकेक करून माणसं जमली. एकोणीस मैलांची ही वाट त्यानं स्वतः शोधली, स्वतः जाड कागदावर काढली आणि दरवर्षी चिखलानं कागदाचा लगदा झाला की पुन्हा काढली. ‘इथं बीचच्या झाडांची मुळं आडवी आहेत, वेग सोडू नका.’ ‘इथं वाकून जा, काटेरी झुडूप टोपी पळवतं.’ ‘ओढ्याच्या उतारावर ढुंगण सीटच्या मागं न्या, ब्रेकवर दोनच बोटं, आणि किंचाळायचं असेल तर खुशाल किंचाळा, ऐकायला मेंढ्यांशिवाय कुणी नाही.’ पुढं दुकान विकलं, गुडघे कुरकुरायला लागले, नोरीनच्या खुब्यात नवा सांधा बसला. पण गुरुवार काही सुटला नाही. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस डेस्मंडच्या लेखी गुरुवारची वाट बघण्यासाठीच होते.

ही सहाशे पावलं गेली, तर उरत होता खाणीच्या ट्रकांचा रस्ता. दोन मैल, बाजूला पाय टेकायलाही जागा नाही. मागच्या वर्षी पुरामुळं एकदा त्या रस्त्यानं यावं लागलं, तेव्हा एका ट्रकचा आरसा नोरीनच्या कोपराला चाटून गेला होता. “पुन्हा या रस्त्यानं यायचं असेल तर मी सायकल विकून कोंबड्या घेईन,” असं तिनं तेव्हाच सांगून टाकलं होतं. बाकीच्यांचंही तेच. म्हणजे वाट गेली की गुरुवार गेला, इतकं ते सरळ होतं.

म्हातारा इव्हान गिटिन्स होता तोवर कसली काळजी नव्हती. मागच्या वसंतात तो गेला. शेत त्याच्या पुतणीला मिळालं आणि सप्टेंबरात ती कॉव्हेंट्रीहून राहायला आली. पन्नाशीची, एकटी. शहरातली बाई, नक्की वाट बंद करणार, असं सगळ्यांनी तिला बघायच्या आधीच ठरवून टाकलं. ऑस्टिननं लगेच सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं.

“नीट ऐका,” तो म्हणाला. “वीस वर्षं एखादी वाट लोकांनी उघडपणे वापरली, कुलूप न तोडता वापरली आणि कुणाला न विचारता वापरली, तर ती लोकांची होते. न विचारता! विचारलं आणि मालक ‘हो’ म्हणाला, की ती झाली त्याची मेहेरबानी. मग हक्क संपला. तेव्हा तिला विचारायचं नाही. बोलायचं नाही. तिनं काही दिलं तर घ्यायचं नाही. हात हलवायचा नाही.”

“हातसुद्धा?” नोरीननं विचारलं.

“हात हलवला की ती हलवणार. मग ‘या, या’ म्हणणार. ‘या’ म्हणाली की बुडालो!” मग त्यानं चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. “आजवर गिटिन्सला कुणी विचारलेलं नाही ना?”

सगळ्यांनी माना हलवल्या. डेस्मंड टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत राहिला. त्याचे कान तापले होते.

कारण त्यानं विचारलं होतं. एकदा नाही, बावीस वेळा.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी नोरीनच्या हातच्या रानआलुबुखाराच्या जॅमची बाटली घेऊन तो म्हाताऱ्याच्या दाराशी जायचा. “मिस्टर गिटिन्स, पुढचं वर्षभर आम्ही जाऊ ना अंगणातून?” म्हातारा बाटली उजेडात धरायचा, आभाळाकडे बघायचा, कुत्र्याकडे बघायचा. “थांबा. विचार करून सांगतो.” आणि सरळ आत निघून जायचा. एका वर्षी तर कोंबड्यांना दाणे घालून, अंडी गोळा करून परत आला. डेस्मंड आपला दारात नाक लाल करून उभा. मग तो यायचा, घसा खाकरायचा आणि म्हणायचा, “जा तर मग.” बस्स. या थट्टेशिवाय डेस्मंडला नाताळ आल्यासारखा वाटायचा नाही.

ऑस्टिनच्या घरी हे सांगायला हवं होतं. पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही, आणि एकदा गप्प बसलेल्या माणसाला पुढं बोलणं दर दिवशी जास्त जड जातं. ते डिसेंबरातही त्याला जड गेलं. पहिला गुरुवार आला आणि गेला. तेविसावी बाटली फडताळातच राहिली.

रोवेना येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तिनं अंगणाच्या भिंतीवर एक डबा ठेवला होता. ओटच्या वड्या, पाकातल्या, वर चिठ्ठी: ‘सायकलवाल्यांसाठी.’ अकरा मैल डोंगर तुडवून आलेली नऊ भुकेली माणसं त्या डब्यासमोरून गेली. त्यांच्यातल्या जीन पिल्कच्या पोटातला आवाज सगळ्यांनी ऐकला. पण ऑस्टिन पुढं होता, थांबतोय कोण! पुढच्या गुरुवारी डबा नव्हता. तरी बाई फाटक मात्र उघडून ठेवायची. मार्चमध्ये तर बिचारी भर पावसात स्वतः धरून उभी राहिली.

त्याच्या पुढच्या गुरुवारी फाटकाला साखळी होती. साखळीला कुलूप.

“बघा!” ऑस्टिन म्हणाला. “मी म्हणत नव्हतो?” आणि त्या दिवशी सगळे ट्रकांच्या रस्त्यानं जीव मुठीत धरून घरी आले.

ऑस्टिननं वाटेवरच्या हक्काचा दावा लावला आणि एप्रिलमध्ये कचेरीचे फॉर्म आले. प्रत्येकानं आपली साक्ष लिहून द्यायची. कधीपासून जाता, किती वेळा जाता, कशावर बसून जाता. डेस्मंडनं स्वयंपाकघरात बसून तेरा प्रश्न भराभर भरले. चौदावा होता: ‘वाट वापरण्यासाठी आपण कधी मालकाची परवानगी मागितली होती काय?’

तो इतका वेळ पेन धरून बसला, की नोरीननं इस्त्री बंद केली. “काय झालं?”

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. कोंबड्यांसकट.

“बावीस बाटल्या?” नोरीन म्हणाली.

“बावीस.”

“आणि मी मेली समजत होते, म्हाताऱ्याला माझा जॅम आवडतो!”

“आवडायचाच गं. उजेडात धरून बघायचा.”

नोरीन खुर्चीवर बसली. हसावं की याला इस्त्री फेकून मारावी, हे तिला ठरवता येईना. “ऑस्टिनला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग आता काय लिहिणार?”

डेस्मंडनं ‘होय’समोर खूण केली. खूण स्वच्छ आली. फॉर्म घेऊन तो तसाच ऑस्टिनकडे गेला.

ऑस्टिननं चौदावा प्रश्न वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. “बावीस वर्षांचा हक्क,” तो म्हणाला, “तू जॅमबरोबर देऊन टाकलास! अरे, कुणी सांगितलं होतं तुला विचारायला?”

“कुणी नाही. त्याचं अंगण होतं, ऑस्टिन.”

ऑस्टिन खोलीत दोन येरझाऱ्या घालून आला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता. “हे बघ डेस, एक कर. तू फॉर्मच देऊ नकोस. खोटं बोलायला नको, काही नको. आठ साक्षी पुष्कळ झाल्या. गिटिन्स गेला, तू गप्प. कोण विचारतंय? नोरीनच्या खुब्याचा तरी विचार कर.”

हे मात्र वर्मी लागलं. डेस्मंड घरी निघाला तो नोरीनचाच विचार करत. उतारावर ती कशी किंचाळते. अडुसष्टाव्या वर्षी, चिखलानं माखलेली, दात काढून हसणारी. तिच्यासाठी तो खोटं बोलला असता. फक्त गप्प बसायचं, ते तर त्याहून सोपं. पण गप्प बसून काय होतं ते तो सहा महिने बघत होता. दर गुरुवारी एक बाई फाटक उघडत होती आणि आपण तिच्यासमोरून भुतासारखे जात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फडताळातली तेविसावी बाटली काढली, फॉर्म खिशात घातला आणि एकटाच निघाला.

रोवेना कोठारात गवताच्या गठ्ठ्यावर बसून एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं मान वर केली आणि तिचा चेहरा बंद झाला.

“कुलूप काढणार नाही,” ती म्हणाली.

“मी त्यासाठी नाही आलो. मी थँक्यू म्हणायला आलोय. मार्चमधलं राहिलं होतं.”

कोकरू चुटुचुटु पीत होतं.

“तुम्ही फाटक धरलं होतंत,” डेस्मंड म्हणाला. “पावसात.”

“धरलं होतं! आणि वड्याही ठेवल्या होत्या. अठरा ठेवल्या, अठरा परत आणल्या. आठवडाभर मीच खात बसले.” बाईचा आवाज चढला. “काय केलं होतं हो मी तुमचं? काकांच्या जागी मी आले, हे खुपलं? शहरातली म्हणून? मेंढ्यासुद्धा माझ्याकडे बघून ओरडतात तरी. तुम्ही नऊ जण माझ्या खिडकीसमोरून जाता, आणि मी जशी काही कुंपणाचा खांब!”

डेस्मंडनं टोपी काढली. मग त्यानं तिला ऑस्टिनचा कायदा सांगितला. वीस वर्षं, न विचारता, हात न हलवता, सगळं. सांगताना ते त्याच्याच कानाला फार खुळचट वाटलं.

“थांबा,” रोवेना म्हणाली. “मला समजू द्या. नऊ माणसं सहा महिने माझ्याशी बोलली नाहीत. का, तर बोलली असती तर मी ‘हो’ म्हटलं असतं?”

“हो.”

“आणि मी कुलूप का लावलं? कुणी बोलत नव्हतं म्हणून!”

“हो,” डेस्मंड पुन्हा म्हणाला. “आणखी एक आहे. आमचा दावा तसाही खोटा आहे. मी तुमच्या काकांना दरवर्षी विचारत होतो. हा माझा फॉर्म. तुमच्या वकिलाला दाखवा. मी डेस्मंड बेडोज.”

कोकराच्या तोंडातून बाटली सुटली.

“तुम्ही बेडोज?”

ती उठली आणि घरात गेली. परत आली ती कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन. मेंढ्यांच्या खुराकाच्या दुकानातून फुकट मिळतात ती. म्हातारा वर्ष संपलं तरी जुनं काढायचा नाही, त्याच खिळ्यावर नवं अडकवायचा. तिनं डिसेंबरची पानं एकेक करून उलटली. पहिला गुरुवार. ‘बेडोज. जॅम. ताटकळवला. हो म्हटलं.’ पुढचं वर्ष. ‘बेडोज. जॅम. कोंबड्या होईपर्यंत ताटकळवला. हो.’ शेवटच्या पानावर अक्षर वाकडंतिकडं झालं होतं. ‘बेडोज आला. थंडी फार, ताटकळवायचं जमलं नाही. लगेच हो म्हटलं. त्याला चुकल्यासारखं वाटलं असेल.’

डेस्मंडला रुमाल सापडेना. त्यानं टोपीनंच डोळे पुसले.

“दाव्याची नोटीस आली तेव्हा वकील म्हणाला, ही जपून ठेवा, यांचा दावा एका दिवसात झोपेल,” रोवेना म्हणाली. “मला दाव्याचं काही नव्हतं हो. मला बेडोज कोण ते बघायचं होतं. नऊ जणांतला कोणता, कळेना. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी मेंढ्यांचा बाजार होता, मी गेले नाही. घरी थांबले. केक केला होता. सायकली आल्या, मी कुत्र्याला बांधलं, केस नीट केले. आणि सगळ्या सायकली तशाच निघून गेल्या.”

डेस्मंडनं जॅमची बाटली पुढं केली.

“ही डिसेंबरातलीच आहे,” तो म्हणाला. “मिस गिटिन्स, आम्ही जाऊ का हो तुमच्या अंगणातून?”

तिनं बाटली घेतली. कोठाराच्या दारात जाऊन ती उजेडात धरली. आभाळाकडे पाहिलं.

“थांबा,” ती म्हणाली. “विचार करून सांगते.”

आणि गेली की निघून! डेस्मंड उभा. एक कोकरू येऊन त्याच्या बुटाची नाडी चघळायला लागलं. खरंच विचार करतेय, का नुसती थट्टा, हे त्याला कळेना. वीस मिनिटांनी ती आली. हातात किल्ली होती.

“जा तर मग,” रोवेना म्हणाली.

ऑस्टिन खूश होईल असं कुणाला वाटलं असेल तर त्यांना ऑस्टिन माहीत नाही. “ही मेहेरबानी!” तो म्हणाला. “उद्या बाईचं डोकं फिरलं, शेत विकलं, की संपलं.” पण हे त्यानं या वेळी डेस्मंडला नाही, स्वतः जाऊन रोवेनाला सांगितलं. तिच्याच स्वयंपाकघरात बसून, ओटच्या चार वड्या खाऊन. यावर उपाय काय, तिनं विचारलं. मालकानं स्वतः लिहून दिलं तर वाट कायमची घोडवाट होते, मग कुणाचा बापही बंद करू शकत नाही, पण असं फुकट कोण लिहून देतं, असं तो म्हणाला. “कागद आणा,” ती म्हणाली. ऑस्टिनच्या हातातली पाचवी वडी बशीत पडली.

ऑक्टोबरात कचेरीत सह्या झाल्या. नकाशावरच्या दोन हिरव्या रेघा सत्तर वर्षांनी एकमेकींना भेटल्या. आता जगात कुणालाही, कधीही, न विचारता गिटिन्सच्या अंगणातून सायकल हाकता येणार होती.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी डेस्मंडनं फडताळातून बाटली काढली.

“आता कशाला?” नोरीननं मुद्दाम विचारलं. “आता तर हक्क आहे.”

“आहे ना,” तो म्हणाला आणि बाटली मोज्यात गुंडाळून पिशवीत घातली.

हिमाचा पातळ थर होता. आठ जण भिंतीशी सायकली टेकवून उभे राहिले आणि डेस्मंडनं दार वाजवलं. रोवेना आली. बाटली उजेडात धरली, आभाळाकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. “थांबा. विचार करून सांगते.” दार बंद झालं.

“कायद्यानं तिला नाही म्हणताच येणार नाही,” ऑस्टिन पाय आपटत कुजबुजला.

“गप्प बस रे, ऑस्टिन,” नोरीन म्हणाली. “तिला विचार करू दे.”

चांगली दहा मिनिटं गेली. आतून कॅलेंडरवर लिहायला पेन्सिल शोधल्यासारखे खण उघडल्याचे आवाज आले. डेस्मंडचं नाक लाल झालं, कान बधिर झाले, आणि त्याच्याइतका सुखी माणूस त्या क्षणी साऱ्या जिल्ह्यात नसेल. मग दार उघडलं. तिनं घसा खाकरला.

“जा तर मग.”

ती स्वतः पुढं होऊन फाटक धरून उभी राहिली. नऊ सायकली एकेक करून तिच्यासमोरून गेल्या. प्रत्येकानं तिच्याकडे बघून थँक्यू म्हटलं. ऑस्टिननं दोनदा म्हटलं. एक मार्चचं होतं.